कर्जदार देशाला कोर्ट कुठलं?

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाचे हप्ते थांबवल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून आपल्याकडच्या चर्चांमध्ये एक म्हण सारखी कानावर येते: ऋण काढून सण केला, आता भोगा. झांबियाबद्दल तेच, घानाबद्दल तेच, इथिओपियाबद्दलही तेच. समोरच्या बाजूला जे बोलतात त्यांचंही एक ठरलेलं वाक्य आहे. गरीब देशांवरचं सगळं कर्ज हा श्रीमंतांचा डाव आहे, ते फाडून टाका. पहिल्या मंडळींच्या लेखी हप्ता चुकला म्हणजे देशाचं चारित्र्यच कळलं. दुसऱ्यांना आकड्यांत शिरायचंच नाही. या दोन टोकांच्या भांडणात खरा प्रश्न बाजूला पडतो, आणि म्हणून हे लिहायला बसलो.

माझं म्हणणं असं. गरीब देशांच्या कर्जाचा प्रश्न दयेचा नाही आणि शिक्षेचाही नाही, तो कायद्याचा आहे. दुकानदार बुडाला तर त्याच्यासाठी नादारीचा कायदा आहे. कंपनी बुडाली तर आपल्याकडे २०१६ पासून दिवाळखोरी संहिता आहे, सगळ्या धनकोंना एका टेबलाशी बसवणारं न्यायाधिकरण आहे. त्या संहितेत निकालासाठी ३३० दिवसांची मुदत आहे आणि ती पाळली जात नाही म्हणून आपण रास्त ओरड करतो. पण आख्खा देश बुडाला तर? जगात असं एकही कोर्ट नाही जे सगळ्या धनकोंना बोलावून सांगेल की हिशेब मांडा, देशाची ऐपत बघू, आणि ठरेल ते सगळ्यांना बांधील. ही पोकळी आपोआप पडलेली नाही. ती भरून काढायचे प्रयत्न झाले आणि ते हाणून पाडले गेले. त्याकडे मी येतो.

आधी थोडं घरातलं. आमच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत एक मोडी कागद जपून ठेवलेला आहे. खापरपणजोबांनी सावकाराला करून दिलेलं कर्जखत. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांकडून तो वाचून घेतला तेव्हा कळलं की त्या खतात नवं कर्ज जवळजवळ नाहीच. मागच्या खताची बाकी, व्याजासकट, मुद्दल म्हणून वर चढवलेली आहे आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू. खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी. लिहिता न येणारा कुणबी तेव्हा नांगर काढून द्यायचा. असं खत पुन्हा पुन्हा का व्हायचं? कारण १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतू कर्जदाराला सोडवण्याचा होता. झालं उलटंच: दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेऊ लागला आणि व्याजाचं मुद्दल होत गेलं.

त्यात अमेरिकेतली लढाई आली. १८६१ ते ६५ मध्ये तिथला कापूस बाजारात येईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला न भूतो असा भाव मिळाला आणि सावकार मागाल तितकं द्यायला लागले. लढाई संपली, भाव कोसळला, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. भीमथडीच्या कुणब्याने कुठला सण साजरा केला होता? सात समुद्रांपलीकडे तह झाला आणि त्याच्या दारात जप्ती आली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक जमले, ते मुख्यतः कागदांसाठी. खतं मागून घेतली आणि जाळली. पुण्यात आणि नगर जिल्ह्यात हे लोण पसरलं, पण सावकाराच्या अंगाला हात लावल्याच्या घटना फार थोड्या. राग कशाचा आहे, हे त्या लोकांना नेमकं ठाऊक होतं.

इंग्रज सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. या कायद्यात माफी नव्हती. न्यायाधीशाला त्याने सांगितलं की निशाणी आहे म्हणून कागद खरा मानू नका, कागदाच्या मागे जा. व्यवहार पहिल्यापासून उकला, मूळ किती दिलं आणि व्याज किती चढवलं ते वेगळं करा, ऐपत पाहून हप्ते बांधून द्या, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नका. दामदुपटीचा आपला जुना नियमही, म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही हा, त्यामागे उभा होता. परक्या सरकारने, तेही दंग्याच्या धाकाने, जे आमच्या खापरपणजोबांना दिलं, ते आज झांबियासारख्या स्वतंत्र देशाला नाही.

झांबियाचीच गोष्ट बघू. या देशाच्या निर्यातीत तांब्याचा वाटा सुमारे ७० टक्के, आणि तांब्याचा भाव ठरतो लंडनच्या बाजारात. २०१२ मध्ये झांबियाने ७५ कोटी डॉलरचे रोखे, म्हणजे कर्ज उभारण्यासाठीची कर्जपत्रं, परदेशी बाजारात विकले, व्याज ५.३७५ टक्के. २०१४ मध्ये आणखी १०० कोटी, साडेआठ टक्क्यांनी. २०१५ मध्ये १२५ कोटी, ८.९७ टक्क्यांनी. मधल्या काळात तांबं घसरलं. नोव्हेंबर २०२० मध्ये, कोविडच्या ऐन तडाख्यात, सव्वाचार कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला. त्याच महिन्यात जी-२० देशांनी अशा प्रसंगांसाठी एक समाईक चौकट जाहीर केली. झांबियाने २०२१ च्या सुरुवातीलाच तिथे अर्ज केला. सरकारी धनकोंशी, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांशी, तत्त्वतः समझोता व्हायला जून २०२३ उजाडला. रोखेधारकांशी ठरलेला करार नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारी धनकोंनीच परतवला, कारण रोखेधारकांनी पुरेसं सोडलेलं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. रोख्यांची अदलाबदल झाली ती जून २०२४ मध्ये. हप्ता चुकल्यापासून साडेतीन वर्षं. या काळात सरकार बदललं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दुष्काळाने मका करपला म्हणून राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. पीक जळालेल्या माणसाला साडेतीन वर्षं तारखांवर तारखा देणाऱ्या व्यवस्थेला आपण आपल्या जिल्ह्यात काय म्हणू?

आता विरोधातले मुद्दे. ते पोकळ नाहीत.

पहिला मुद्दा: कर्ज कोणी गळ्यात मारलं नव्हतं, या देशांच्या राज्यकर्त्यांनीच ते घेतलं आणि उधळलं. हे बऱ्याच अंशी खरं आहे. श्रीलंकेत २०१९ च्या शेवटी करांत मोठी कपात करून तिजोरी रिकामी केली गेली, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घालून शेती झोपवली गेली. झांबियातल्या आधीच्या सरकारनेही बेतालपणे कर्ज उचललं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांनी त्याला घरी पाठवलं. मला यातलं काहीही झाकायचं नाही. पण जर्मनीला जे व्याज पडतं त्याच्या सरासरी आठपट व्याज आफ्रिकी देशांना पडतं, असं संयुक्त राष्ट्रांचीच आकडेवारी सांगते. हे जादा व्याज कशाचं? धनकोचं उत्तर असतं: जोखमीचं, पैसे बुडू शकतात म्हणून. ठीक. मग बुडण्याची वेळ आली की तोच धनको पै न पै कशी मागतो? जोखमीचा मोबदला वर्षानुवर्षं खिशात घातला आणि जोखीम मात्र झांबियाची राजधानी लुसाका, तिथल्या सरकारी दवाखान्याच्या डोक्यावर टाकली, तर याला सावकारी म्हणायचं की व्यापार?

आणि काही कर्जं तर अशी आहेत की ती देशाची म्हणायचीच कशी असा प्रश्न पडतो. मोझांबिकमध्ये २०१३-१४ च्या सुमारास सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जं संसदेला अंधारात ठेवून घेतली गेली. कारण सांगितलं होतं ट्यूना मासेमारीचं. बोटी आल्या आणि बंदरात बसून राहिल्या. लाच दिली-घेतली गेल्याचं पुढे कोर्टांत उघड झालं, कर्ज देणाऱ्या क्रेडिट सुईस बँकेने २०२१ मध्ये गुन्हा कबूल करून दंड भरला. आपल्या धर्मशास्त्रात बापाचं ऋण मुलाने फेडावं असा दंडक आहे, पण त्यालाच अपवाद आहे: दारू, जुगार आणि व्यसनापायी केलेलं ऋण मुलाच्या माथी नाही. अव्यावहारिक ऋण हा त्याला शब्द आहे आणि आपल्या कोर्टांनी तो वापरलेला आहे. मोझांबिकच्या राजधानीतल्या, मापुटोतल्या, आज दहा वर्षांच्या पोराने त्या बोटींचं कर्ज का फेडावं, याचं उत्तर ऋण काढून सण वाल्यांनी द्यायला हवं.

दुसरा मुद्दा आपल्या अभिमानाचा आहे आणि मला तो सगळ्यात जड वाटतो. १९९१ मध्ये भारताने सोनं गहाण टाकलं, पण एकही हप्ता चुकवला नाही. मे महिन्यात २० टन सोनं गेलं, जुलैत रिझर्व्ह बँकेच्या मुंबईच्या तिजोरीतून सुमारे ४७ टन विमानाने लंडनला गेलं. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना बातमी फुटल्यावर काय वाटलं होतं ते आठवत असेल. घरातल्या बाईचं मंगळसूत्र पेढीवर ठेवल्यासारखी ती गोष्ट होती. आम्ही हे केलं, मग त्यांनी का करू नये?

कारण आपल्याजवळ ठेवायला सोनं होतं. आपल्या परकीय कर्जाचा मोठा भाग सरकारांचा आणि जागतिक संस्थांचा होता, लांब मुदतीचा, सवलतीच्या व्याजाचा. न्यूयॉर्कच्या बाजारात विकलेल्या रोख्यांचा डोंगर आपल्या उरावर नव्हता. आपली निर्यात एकाच धातूवर टांगलेली नव्हती. आणि आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. १९६५-६६ च्या दुष्काळांनंतर, १९६८ पासून काही वर्षं, भारताला मदत देणाऱ्या देशांच्या गटाने आपल्याला कर्जफेडीत सवलत दिली होती. म्हणजे हप्ते सैल करून घेण्याची वेळ आपल्यावरही आलेली आहे, आणि त्यामुळे आपली इज्जत गेली नाही की शिस्तही बिघडली नाही. १९९१ चा बाणा खरा. पण त्याच्या पाठीमागे १९६८ ची सवलतही आहे.

मध्येच चीनचं नाव निघतं, त्याबद्दल थोडक्यात. चीनची कर्जं अपारदर्शक असतात, करारांत गुप्ततेची कलमं असतात, हे खरं. पण श्रीलंकेचा सगळ्यात मोठा परकीय धनको चीन नव्हता, बाजारातले रोखेधारक होते. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, त्याचे १.१२ अब्ज डॉलर त्या बंदराचं कर्ज फेडायला गेले नाहीत. परकीय गंगाजळी सावरायला आणि इतरांचे हप्ते भागवायला ते कामी आले. सगळं चीनवर ढकललं की न्यूयॉर्क आणि लंडनकडे बघायचं राहून जातं.

आणि बघायचं तिथेच आहे. परदेशी बाजारात विकलेले बहुतेक सरकारी रोखे न्यूयॉर्कच्या किंवा इंग्लंडच्या कायद्याखाली लिहिलेले असतात. तिथे काय चालतं याचा एक नमुना झांबियाचाच आहे. १९७९ मध्ये रोमानियाने झांबियाला ट्रॅक्टर वगैरे यंत्रांसाठी उधारी दिली. वीस वर्षांत ती थकून तीन कोटी डॉलरच्या घरात गेली. झांबिया रोमानियाशी तडजोडीची बोलणी करत होता, तेवढ्यात डोनेगल नावाच्या कंपनीने ते कर्ज सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं आणि लंडनमध्ये साडेपाच कोटींचा दावा ठोकला. २००७ मध्ये कोर्टाने दीड कोटीच्या वर रक्कम मंजूर केली. हे कधी? २००५ मध्ये गरीब, कर्जबाजारी देशांना सवलत देणाऱ्या जागतिक योजनेतून झांबियाचं कर्ज उतरलं आणि एप्रिल २००६ मध्ये त्या देशाने खेड्यांतल्या दवाखान्यांची फी बंद केली, त्याच्या पाठोपाठ. एका हाताने सगळ्या जगाने सोडलेलं ओझं दुसऱ्या हाताने एका कंपनीने वसूल केलं. ब्रिटनला याची लाज वाटली, त्यांनी २०१० मध्ये कायदा करून जागतिक योजनेत आलेल्या देशांच्या जुन्या कर्जांवर अशी वसुली रोखली. न्यूयॉर्कने २००४ मध्ये नेमकं उलटं केलं होतं. दावा ठोकण्यासाठीच कर्ज विकत घेऊ नये असा तिथे जुना कायदा होता, त्यातून पाच लाख डॉलरच्या वरचे व्यवहार वगळून टाकले. अर्जेंटिनाने २०१६ मध्ये, बुडीत कर्जं स्वस्तात घेऊन दावे ठोकणाऱ्या चार फंडांना ४.६५ अब्ज डॉलर मोजले. जो धनको समंजसपणे सवलत देतो त्याला कमी मिळतं आणि जो अडून बसतो त्याला घबाड मिळतं, अशी ही व्यवस्था आहे. मग समंजस कोण राहील?

तिसरा मुद्दा आपल्याला घरचाच आहे: सवलत दिली की सवय लागते. पुरावा म्हणून पुन्हा झांबियाच पुढे करतात. २००५ मध्ये कर्ज उतरलं, पंधरा वर्षांत पुन्हा बुडाला. मी हा पुरावा मान्य करतो, पण तो काय सिद्ध करतो? २००५ ला हिशेब पुसला आणि व्यवस्था होती तशीच ठेवली, म्हणून ते परत घडलं. शेतकरी संघटनेने वर्षानुवर्षं कर्जमाफी हा शब्द नाकारून कर्जमुक्ती म्हटलं, त्यात हाच अर्थ होता. माफी गुन्हेगाराला असते, आणि शेतमालाचा भाव तसाच ठेवून दिलेली माफी चार वर्षांत विरून जाते. २००८ नंतर महाराष्ट्राला २०१७ आणि २०१९ मध्ये पुन्हा माफ्या का द्याव्या लागल्या, हे आपल्याला सांगायला लुसाकाहून कोणी यायला नको.

नीट केलेली कर्जमुक्ती कशी दिसते, त्याचं उदाहरण युरोपातच आहे. २७ फेब्रुवारी १९५३ ला लंडनमध्ये पश्चिम जर्मनीच्या परकीय कर्जाचा करार झाला. कर्ज जवळजवळ निम्म्याने कमी केलं, उरलेल्याचे हप्ते जर्मनीच्या निर्यातीच्या ताकदीशी जोडले, आणि खाजगी धनकोही त्याच करारात बांधले गेले. जगाला महायुद्धात लोटणाऱ्या जर्मनीच्या पराभवाला आठ वर्षंही झाली नव्हती. त्या देशाला धडा शिकवा म्हणणारे कमी असतील का? तरी धनकोंनी ओळखलं की बुडालेल्याकडून काही मिळत नाही, उभा राहिला तर मिळतं. त्या करारावर धनको म्हणून सही करणाऱ्यांत ग्रीस होता, पाकिस्तान होता, आणि सिलोन होता. हो, आजची श्रीलंका. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांच्या कर्जफेररचनेसाठी नऊ तत्त्वांचा ठराव आला, तेव्हा १३६ देश बाजूने होते आणि सहा विरोधात. त्या सहांत अमेरिका, ब्रिटन आणि जपानबरोबर जर्मनी होता. पोकळी भरायचे प्रयत्न हाणून पाडले गेले असं मी वर म्हटलं ते यासाठी. त्याआधी २००१ ते २००३ मध्ये खुद्द आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या उपप्रमुख ॲन क्रूगर यांनी अशा यंत्रणेचा प्रस्ताव मांडला होता, तोही अमेरिकेने पुढे जाऊ दिला नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. कर्ज बुडवणं सोपं केलं तर गरीब देशांना कोणी कर्जच देणार नाही. १८७९ च्या वेळी सावकारांच्या बाजूने हेच बोललं गेलं, आणि ते अगदीच खोटं ठरलं नाही. कायदा आल्यावर पतपुरवठा आटला. बऱ्याच सावकारांनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे कोर्टात उकलायला कर्जच उरू नये. कायदा एकटा पुरला नाही. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, कुणब्याला सावकाराखेरीज दुसरं दार मिळालं, आणि त्या दारातून पुढे महाराष्ट्राची सहकारी चळवळ उभी राहिली. जगाच्या पातळीवर ते दुसरं दार म्हणजे जागतिक बँक, नाणेनिधी आणि प्रादेशिक विकास बँका. पण तिथली मालकी बघा. नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये निधीने ६५० अब्ज डॉलरचे विशेष हक्क, म्हणजे गरजेला परकीय चलनात बदलून घेता येणारी गंगाजळी, सदस्य देशांना वाटले, तेव्हा आख्ख्या आफ्रिकेच्या वाट्याला सुमारे ३३ अब्ज आले. ज्या पतपेढीत मतं ठेवीच्या प्रमाणात आणि मदतही ठेवीच्या प्रमाणात, तिला आपण सहकारी म्हणू का?

यात भारताचं काय? आपण या प्रकरणात प्रेक्षक नाही. २०२२ मध्ये आपण श्रीलंकेला सुमारे चार अब्ज डॉलरची मदत दिली, श्रीलंकेच्या कर्जात सवलत देऊ अशी पहिली हमी जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीला आपणच दिली, आणि धनकोंच्या समितीत जपान-फ्रान्सबरोबर अध्यक्षपदाला बसलो. म्हणजे आपण सावकारही आहोत. एका माजी ऋणकोने धनको झाल्यावर कसं वागावं, हे ठरवायची संधी आपल्या हातात आहे. संयुक्त राष्ट्रांत कायद्याची मागणी आपण नावानिशी लावून धरावी. आपल्या स्वतःच्या प्रत्येक कर्जकरारात आपत्तीच्या वेळी हप्ते आपोआप थांबण्याचं कलम घालावं. हे स्वप्नरंजन नाही. ग्रेनाडा या चिमुकल्या बेटाच्या रोख्यांत वादळाचं कलम होतं, जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ आलं आणि त्या कलमाने हप्ते पुढे गेले. कोणी हात पसरले नाहीत. करारातच होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेने २०२३ मध्ये मोजलं होतं की जगातली ३३० कोटी माणसं अशा देशांत राहतात, जिथे सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर करतं त्याहून जास्त खर्च व्याजावर करतं. हा आकडा वाचला की मला तो मोडी कागद पुन्हा काढून बघावासा वाटतो. त्याच्या पाठीवर वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताची नोंद आहे. कोर्टाने व्याज तोडून सालवार हप्ते बांधून दिले त्याची. आठ हप्ते, आठ वर्षं, एकही चुकलेला नाही. शेवटच्या हप्त्यापुढे कारकुनाने एकच शब्द लिहिलाय: फिटले.